चाकोरीच्या शोधात

‘चाकोरी’ या शब्दाचे नशीब मोठे विचित्र आहे. मूळचा तो गाडीवाटेवरचा साधा शब्द. गाडीच्या दोन चाकांनी जमिनीवर उमटवलेल्या दोन समांतर रेघा म्हणजे चाकोरी. पुढे साहित्यिकांनी त्याला शिवारातून उचलून व्यासपीठावर आणले आणि तेव्हापासून त्याची बदनामी सुरू झाली. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीतले लेखन, चाकोरीबाहेरचा विचार! बिचाऱ्या चाकोरीचे नाव चांगल्या अर्थाने कोणी घेईनासे झाले. पण गेल्या जून महिन्यात अमेरिकेच्या वायव्य भागात मी तीन दिवस फटफटीवर बसून हिंडलो, आणि त्या तीन दिवसांत ज्या एका गोष्टीसाठी डोळे सारखे जमिनीला लागलेले होते, ती गोष्ट म्हणजे चाकोरी. ती ठळक दिसली की हायसे वाटे. पुसट झाली की पोटात गोळा उठे.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सहा-सहा पदरी डांबरी रस्ते येतात. तिथे वाट शोधावी लागते, हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी माझ्याकडे संशयानेच पाहिले. परंतु इडाहो, ऑरेगन आणि नेवाडा या तीन राज्यांच्या शिवेवर ‘ओवायही’ नावाचा एक मुलूख आहे. उंचसखल पठार, त्यात सुरीने कापल्यासारख्या खोल नद्यांच्या घळी, आणि नजर पोचेल तिथवर सेजब्रश नावाचे राखाडी-हिरवे खुरटे झुडूप. या मुलखातला इडाहोकडचा ओवायही जिल्हा सुमारे ७,७०० चौरस मैलांचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याहूनही मोठा. आणि २०२० च्या खानेसुमारीत तिथली वस्ती भरली बारा हजारांच्या आत. आपल्याकडे एखाद्या मध्यम खेड्याच्या जत्रेला याहून अधिक माणसे जमतात. जिल्ह्याचे मुख्य ठाणे मर्फी हे इतके लहान, की तिथल्या कचेरीसमोर मोटारी उभ्या करण्याचे पैसे घेणारे एकच यंत्र गंमत म्हणून उभारले होते, आणि तेच त्या गावाचे प्रेक्षणीय स्थळ होऊन बसले.

या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘ओवायही’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून ‘हवाई’ या शब्दाचे जुन्या इंग्रजीतले रूप. सुमारे १८१९ मध्ये बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका तुकडीबरोबर हवाई बेटांतले काही लोक इथे आले होते. त्यांतल्या तिघांना या नदीच्या खोऱ्यात पाठवले. ते परत आलेच नाहीत. नदीला त्यांच्या बेटाचे नाव राहिले. प्रशांत महासागरातल्या माडांच्या देशातून निघालेली ती तीन माणसे या कोरड्या पठारावर वाट चुकून कुठे संपली असतील, हा विचार पहिल्या दिवसापासून माझ्या मनात घर करून होता. ज्या मुलखाचे नावच वाट हरवलेल्यांवरून पडले, तिथे वाट शोधायला जायचे!

माझा भाचा इडाहोची राजधानी बॉइसी इथे इंजिनियर आहे. आठवडाभर तो संगणकाच्या चकत्यांत डोके घालतो आणि शनिवार-रविवार फटफटी काढून रानोमाळ भटकतो. मी उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने आधीच बेत ठरवून ठेवला होता. “मामा, तुम्ही कॉलेजात असताना यामाहा चालवायचात ना? ही पण यामाहाच आहे. फक्त टायर तेवढे जाड आहेत,” असे म्हणून त्याने एक बुटकी, दोनशे सी. सी.ची गाडी माझ्यापुढे उभी केली. टायर पाहून मला आमच्याकडच्या ट्रॅक्टरची आठवण झाली. त्याची स्वतःची सुझुकी साडेसहाशेची होती. निघण्यापूर्वी आर. टी. ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, असे त्याने मला दोन महिने आधीच का बजावले होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

* * *

पहिली संध्याकाळ नकाशावर गेली. वाट शोधण्याचे निम्मे काम घरात, जेवणाच्या टेबलावर होते, हे मला ठाऊक नव्हते. भाच्याने आधी सरकारी भूमापन खात्याचे नकाशे काढले. एकास चोवीस हजार या प्रमाणाचे हे नकाशे म्हणजे फार देखणे काम. टेकडीचा प्रत्येक उतार, झरा, विहीर, पडके घरसुद्धा त्यांत दाखवलेले असते. परंतु त्यांतल्या वाटा पुष्कळदा कित्येक वर्षांपूर्वी टिपलेल्या. नकाशावर वाट आहे म्हणजे ती जमिनीवर आहे असे नव्हे.

मग त्याने जमिनीच्या मालकीचा रंगीत नकाशा पसरला. पिवळा रंग केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा, निळा राज्याचा, पांढरा खासगी. बहुतेक सारा कागद पिवळा होता. पण ओढ्याकाठी, झऱ्यापाशी, जिथे म्हणून थोडे पाणी आहे तिथे तिथे पांढरे ठिपके. मी त्याचे कारण विचारले. तो म्हणाला, “मामा, पहिल्यांदा आलेल्या लोकांनी पाणी तेवढे आपल्या नावावर करून घेतले. पाणी ज्याचे, त्याचीच गुरे भोवतालच्या रानात टिकणार.” या एका वाक्यात तिथल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सार होते. पाण्याजवळची थोडी जमीन घरची, आणि भोवतालचे अफाट कुरण सरकारचे, अशी ही रँचची व्यवस्था. पूर्वी त्या कुरणात कोणीही कितीही गुरे सोडी. गवत संपले, माती उडू लागली, तेव्हा १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग ॲक्ट हा कायदा आला, आणि कोणी कुठे किती गुरे केव्हा चारावीत याचे परवाने ठरले. आपल्या गायरानाचा हा थोरला भाऊ म्हणावयास हरकत नाही.

शेवटी उपग्रहातून घेतलेली चित्रे. ती वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. वरून पाहता रानात असंख्य फिकट रेघा दिसतात. त्यांतल्या कोणत्या गाडीच्या आणि कोणत्या गुरांच्या? भाच्याने सांगितलेली खूण अशी: गुरांच्या पायवाटा चहूकडून येऊन एका ठिपक्याशी मिळतात, चाकाच्या आऱ्या तुंब्याशी मिळाव्यात तशा. तो ठिपका म्हणजे पाण्याचा हौद. गाडीची वाट मात्र त्या ठिपक्यातून पलीकडे जाते. जी पलीकडे जात नाही, ती फक्त हौदाची निगा राखायला येणाऱ्या माणसाची वाट. तिच्यावर भरवसा ठेवून निघालात तर हौदाशी थांबून गुरांबरोबर पाणी प्यावे आणि परत यावे.

“आणि एक लक्षात ठेवा,” तो म्हणाला, “पुढे जायला पेट्रोल किती लागेल हे मोजायचे नाही. आलो त्याच वाटेने परत यायला पुरेल की नाही, एवढेच मोजायचे.” माझ्या यामाहाच्या टाकीत जेमतेम सात लिटर मावत. पुढल्या शंभर मैलांत एकही पंप नव्हता. म्हणून दोघांच्या मागे पाच-पाच लिटरचे डबे बांधले. पाणी, तंबू, पंक्चरचे सामान, आणि उपग्रहामार्फत निरोप धाडणारे मुठीएवढे यंत्र. माझ्या भाचेसुनेने त्यात थालीपिठे आणि लसणाची चटणी घातली. या साऱ्या सामानात शेवटी सर्वांत उपयोगी काय पडले, ते सांगायला नकोच.

* * *

बॉइसीहून दक्षिणेला साठ मैलांवर ग्रँड व्ह्यू नावाचे लहानसे गाव लागते. गावाबाहेर डांबर सोडले आणि आम्ही मड फ्लॅट रोडला लागलो. हा सुमारे शंभर मैलांचा खडीचा रस्ता ऑरेगनमधल्या जॉर्डन व्हॅलीला नेऊन पोचवतो. ‘मड फ्लॅट’ म्हणजे चिखलाचे माळ. नाव ठेवणाऱ्याने प्रवाशांना सावध करण्यात काही कसूर ठेवली नव्हती.

आरंभी उघडे, भाजलेले माळ. मग रस्ता चढू लागतो आणि सेजब्रशचा वास येऊ लागतो. हा वास कापूर, ओवा आणि पहिल्या पावसातली माती यांच्या मिश्रणासारखा काहीसा. वर गेल्यावर जुनिपरची झाडे आणि त्यांच्या पायाशी जांभळी-पिवळी रानफुले. प्राँगहॉर्न नावाची हरणे लांबून आमच्याकडे पाहात आणि वाऱ्यासारखी निघून जात. एके ठिकाणी रस्ताभर बोटाएवढे तपकिरी किडे चालले होते. हजारो, कदाचित लाखो. त्यांना तिकडे मॉर्मन क्रिकेट म्हणतात. गाडीखाली चिरडले की रस्ता तेलकट होऊन चाक घसरते, म्हणून त्यांच्यातून बैलाच्या चालीने जावे लागले.

मध्येच रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या असतात. खाली खड्डा. मोटार त्यावरून खडखडत जाते. गुरांचे खूर मात्र नळ्यांमध्ये अडकतील म्हणून ती पलीकडे जात नाहीत. फाटकाचे काम फाटकाविना करण्याची ही युक्ती मला फार आवडली. पण मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला लागले की ही चैन संपते. तिथे तारेचे फाटक. दोन-तीन काठ्यांना काटेरी तार बांधलेली. शेवटची काठी खांबाच्या खालच्या फासात रोवायची, खांद्याने वरचे टोक खांबाकडे दाबायचे आणि वरचा फास त्यावर चढवायचा. काम सोपे दिसते. पहिले फाटक लावताना मला दहा मिनिटे लागली आणि सदऱ्याची एक बाही गेली.

त्या रात्री आम्ही ओवायही नदीच्या उत्तर फाट्याकाठी मुक्काम केला. नऊ वाजून गेले तरी पश्चिमेकडे उजेड होता. पुढे जे चांदणे पडले त्याचे वर्णन करीत नाही. शहरातल्या वाचकाला ते अतिशयोक्तीचे वाटेल.

* * *

खरी वाट दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मुख्य रस्ता सोडून दक्षिणेला पठारावर जायचे, आणि वीस मैलांचा वळसा घेऊन पुन्हा खडीच्या रस्त्याला मिळायचे, असा बेत होता. नकाशावर ही वाट तुटक रेघेने दाखवलेली होती. ती शेवटपर्यंत जाते की नाही, हे भाच्याच्या ओळखीतल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

जमीन वाचायला मी त्या दिवशी शिकलो. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवत असेल तर वाट वापरात आहे. मध्ये सेजब्रश वाढलेले असेल आणि त्याच्या फांद्या मोडलेल्या असतील, तर वर्षातून एखाददुसरी गाडी येते. फांद्या न मोडलेल्या असतील तर मागे वळावे. फाटकाचा फास खांबाला जिथे घासतो तिथली तार चकचकीत असेल तर माणसाची ये-जा आहे. गंजलेली असेल तर नाही. ओढा लागला की गाडी घालण्यापूर्वी पायी उतरून तळ पाहायचा. थांबायचे ते नेहमी उघड्या मातीवर, कारण गाडीची तापलेली नळी वाळल्या गवताला लागली तर संपलेच. या रानात २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका वणव्याने सुमारे २,८०,००० एकर जाळले, त्याच्या खुणा आजही आहेत. आणि काहीही झाले तरी चाकोरी सोडायची नाही. इथल्या मातीवर एकदा उमटलेले चाक वर्षानुवर्षे पुसत नाही. आज एकाने आडवाट काढली की उद्या तिचीच वाट होते. शिवाय २००९ च्या कायद्याने या जिल्ह्यातले सुमारे ५,१७,००० एकर रान मोटारींना कायमचे बंद झाले आहे. रँचवाले, निसर्गप्रेमी आणि इथले मूळचे शोशोनी-पायूट लोक यांनी वर्षानुवर्षे एकत्र बसून ती हद्द ठरवली. भाचा ती हद्द लक्ष्मणरेषेसारखी पाळी.

सहा मैलांवर एक फाटक लागले. सताड उघडे. तार बाजूला गुंडाळून ठेवलेली. माझा हात आपोआप फाटकाकडे गेला. आपण शेतीवाडीच्या देशातली माणसे. उघडे फाटक दिसले की ते कोणीतरी विसरले असेच आपल्याला वाटते. पण भाचा म्हणाला, “मामा, राहू द्या. जसे सापडले तसे ठेवायचे. बंद होते तर बंद, उघडे होते तर उघडे.” मला ते पटले नाही, पण मी गाडीवर बसलो.

सतराव्या मैलावर दुसरे फाटक. हे लोखंडी होते, साखळी आणि कुलूप घातलेले. दोन्ही खांबांना वर भडक नारिंगी रंग. इडाहोत या रंगाचा अर्थ ‘आत येऊ नका’. खडीचा रस्ता तिथून अवघा तीन मैल. नकाशावरची तुटक रेघ मात्र कुलपाला न जुमानता सरळ पलीकडे गेली होती.

आता तीन मार्ग होते. एक, फाटकाशेजारच्या फटीतून गाड्या काढायच्या. भाच्याने तो विचारातच घेतला नाही. दुसरा, कुंपणाच्या कडेकडेने डावीकडे सात मैल जाऊन खडीचा रस्ता गाठायचा. तिकडे एक पुसट चाकोरी होती. पण ती जात होती एका सपाट, पांढुरक्या, भेगाळलेल्या मातीच्या माळावरून. तिसरा मार्ग, सतरा मैल मागे. घड्याळात तीन वाजले होते आणि पश्चिमेकडे ढग चढत होते.

कुंपणाकडेची वाट मोहात पाडणारी होती. सात मैल, म्हणजे अर्धा तास. भाचा खाली बसला, मुठीत माती घेतली, बाटलीतले घोटभर पाणी तिच्यावर ओतले आणि बोटांत मळली. तिचा लोण्यासारखा गोळा झाला आणि बोटांना चिकटून राहिला. “ही माती ओली झाली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते,” तो म्हणाला. “शेवटी चाक फिरायचेच थांबते. मग गाडी ढकलताही येत नाही.” मागे जावे तर वाटेत एक ओढा होता, आणि पाऊस वरच्या अंगाला आधीच पडत असावा. आम्ही दोन मैल मागे काळ्या कातळाचा एक उंचवटा पाहून ठेवला होता. तिथे गेलो, तंबू ठोकला, आणि त्या मुठीएवढ्या यंत्रातून भाचेसुनेला निरोप धाडला: ‘ठीक आहोत. आज हलत नाही.’

चार वाजता पाऊस आला. विजा अशा, की पठार पांढरे होऊन जाई. दीड तासाने तो थांबला तेव्हा उन्हाची तिरीप पडली, आणि मी त्या सपाट माळाकडे पाहिले. तिथे माळ नव्हताच. मैलोगणती तळे चकाकत होते, आणि कुंपणाचे खांब ओळीने त्यात उभे होते. अर्ध्या तासाची ती वाट आम्ही धरली असती तर त्या वेळी बरोबर त्याच्या मध्यावर असतो. आम्ही दोघांनी थालीपिठे खाल्ली. बोलणे फारसे झाले नाही.

* * *

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही पायीच पुन्हा कुलपाच्या फाटकाशी गेलो. पलीकडून एक बाई घोड्यावरून येत होत्या. साठीच्या पुढच्या, उन्हाने रापलेल्या, बरोबर एक कुत्रा. मोटार असताना घोडा का, असे मला वाटले. ते त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळले. “ओल्या वाटेवर मी गाडी घालत नाही. तुम्ही घातलीत का?”

“नाही,” भाचा म्हणाला. “काल तीनपासून कातळावर बसून आहोत.”

बाईंनी आमच्या बुटांकडे पाहिले, मागच्या जमिनीकडे पाहिले, आणि मग विचारले, “खालचे फाटक उघडे होते?”

“होते.”

“ते लावलेत?”

“नाही. जसे होते तसे ठेवले.”

त्या घोड्यावरून खाली उतरल्या. त्या उतरल्या तेव्हाच मला कळले की इतका वेळ त्या आमच्याशी बोलत नव्हत्या, आमची उलटतपासणी घेत होत्या. मग त्यांनी सांगितले. त्या फाटकाच्या अलीकडच्या रानातला हौद आठवड्यापूर्वी फुटला होता. गायी आणि वासरे मिळून साठ-सत्तर जनावरे पाण्यासाठी त्या फाटकातून पलीकडच्या झऱ्यावर जात होती. कोणी भल्या माणसाने फाटक लावले असते, तर पाण्यापासून ती तुटली असती. आणि वाट वाळून त्या तिथवर पोचेपर्यंत दोन दिवस गेले असते. “वाईट माणसांची मला भीती नाही,” त्या म्हणाल्या. “ती थोडी असतात. मला भीती चांगल्या माणसांची वाटते. ती फाटके लावीत जातात.”

कुलपाचे कारणही त्यांनीच सांगितले. आदल्या वर्षी वसंतात कोणीतरी चिखलातून जड गाडी नेली. हातभर खोल चाकोऱ्या पडल्या आणि त्या तशाच वाळल्या. त्या वर्षी त्यांना चाऱ्याची आणि गुरांची गाडी तिथून नेता आली नाही. बारा मैलांचा फेरा पडला. तेव्हापासून कुलूप.

भाच्याने अदबीने नकाशा दाखवला. ही तुटक रेघ जुनी आहे, सार्वजनिक असावी, असे तो म्हणाला. बाई हसल्या. या वादाचे मूळ १८६६ च्या एका कायद्यात आहे. सरकारी पडीक जमिनीवर रस्ता काढण्याचा हक्क त्याने सर्वांना दिला होता. १९७६ मध्ये तो रद्द झाला, पण त्यापूर्वी पडलेल्या वाटा कायम राहिल्या. मग कोणती वाट तेव्हा ‘पडलेली’ होती आणि कोणती नव्हती, यावर आजतागायत दावे चालतात. मला आपल्याकडचे पाणंद, शिवरस्ते आणि वहिवाटीचे तंटे आठवले. आपल्याकडे तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजूनही बांधावरची अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी तहसीलदारापुढे काढला जातो. वाट कोणाची, हा प्रश्न कोरेगावात आणि ओवायहीत सारखाच अवघड आहे, असे मी म्हणालो. भाच्याने ते इंग्रजीत सांगितले. बाईंनी विचारले, “मग तुमच्याकडे कसा सुटतो?” मी म्हटले, “शेजारी शेजाऱ्याशी बोलत असेल तर लवकर सुटतो. नाहीतर नातवापर्यंत चालतो.”

“दुपारपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “वारा सुटला आहे. दोनला मी कुलूप काढते. सरळ तीन मैल जा, कुठे थांबू नका. पण ही वाट तुमच्या त्या यंत्रातून दुसऱ्या कोणाला देऊ नका. मी तुम्हा दोघांना जाऊ देते आहे.”

दोन वाजता त्यांनी खरोखरच कुलूप काढले. तीन मैल आम्ही एखाद्याच्या माजघरातून जावे तसे गेलो.

* * *

जॉर्डन व्हॅलीला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. पेट्रोलचा एक डबा अजून भरलेला होता. या लहानशा गावात १९१५ मध्ये बांधलेले एक दगडी क्रीडांगण आहे. ते बांधले बास्क लोकांनी. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून हे लोक इथे मेंढपाळ म्हणून आले. त्यांची भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेची नातलग नाही. महिनोन् महिने एकटे, मेंढरे आणि कुत्रा एवढीच सोबत. आपल्या माणदेशातल्या धनगरासारखे. वाट चुकू नये म्हणून टेकड्यांवर ते दगडांचे मनोरे रचीत, आणि त्या मनोऱ्यांना त्यांच्या भाषेत नाव होते ‘दगडी पोरगे’. एकट्या माणसाला त्या पठारावर वाट दाखवणारा धोंडासुद्धा मुलासारखा वाटला, यात नवल नाही.

उजेड बराच होता, म्हणून आम्ही गावापासून पंधरा-सोळा मैलांवर डॅनर या ठिकाणी गेलो. तिथे माळावर एक साधी कबर आहे. ज्याँ बाप्तीस्त शारबोनोची. लुइस आणि क्लार्क यांची मोहीम १८०४ ते १८०६ या काळात पॅसिफिकची वाट शोधीत गेली, तेव्हा सकागविया नावाची शोशोनी तरुणी त्यांच्याबरोबर होती, आणि तिच्या पाठीवर बांधलेले तान्हे मूल होते ते हा. पुढे तो युरोपात राहून आला, मोहिमांचा वाटाड्या झाला, आणि १८६६ मध्ये माँटानाकडे जाताना आजारी पडून इथे वारला. ज्याचा जन्मच वाट शोधणाऱ्यांच्या तांड्यात झाला, त्याचा शेवट वाटेवरच व्हावा! कबरीजवळून एक मातीची वाट माळावर जात होती. दोन रेघा, मध्ये गवत. मी सवयीने वाकून पाहिले. वापरातली होती.

रात्री मुक्कामावर भाच्याने तीन दिवसांची वाट आपल्या संगणकावर उतरवून घेतली. त्याच्या मित्रमंडळीत असे नकाशे एकमेकांना देण्याची पद्धत आहे. सापडलेली नवी वाट म्हणजे तिथे मोठीच मिरवण्याची गोष्ट. त्याने सहाव्या मैलावरच्या फाटकापाशी लिहिले: ‘उघडे असल्यास उघडेच ठेवावे, पलीकडे गुरांचे पाणी आहे.’ पांढऱ्या माळावर लिहिले: ‘पावसाची शंका असल्यास जाऊ नये, कातळावर थांबावे.’ सतराव्या मैलावर लिहिले: ‘कुलूप. परत फिरावे.’

आणि त्यापुढची तीन मैलांची रेघ त्याने पुसून टाकली.